दोन बोटांचं अंतर

आजी टीव्हीसमोर बसायची ती फक्त मराठी बातम्यांना. बातम्या देणारी बाई पडद्यावर आली की आजी पदर सावरायची. बाई ‘नमस्कार’ म्हणाली की आजीही हात जोडायची. टीव्ही घरी येऊन तीन-चार दिवस झाले असतील. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, “हिला दोन कुंकवं कशी गं?”

मी नीट पाहिलं, तर खरंच. कपाळाच्या मधोमध एक ठसठशीत काळी टिकली, आणि तिच्या उजवीकडे, कानशिलाजवळ, आणखी एक. फिकट, करडी, पण अगदी त्याच आकाराची. मग लक्षात आलं की सगळा चेहराच दोनदा उमटलाय. नाकाला नाक, कानाला कान, खांद्याला खांदा, सगळं थोडं उजवीकडे सरकून पुन्हा. आम्ही तीन दिवस तेच चित्र बघत होतो आणि टीव्ही म्हणजे असाच असतो असं धरून चाललो होतो. आजी उठली, पडद्याजवळ गेली, तर्जनी आणि मधलं बोट जोडून काचेवर टेकवली. एका टिकलीपासून दुसरीपर्यंत बरोबर.

“दोन बोटं,” ती म्हणाली. “दोन बोटं अंतर आहे.”

हे १९८५ सालचं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आमचं गाव शिरवळच्या अलीकडे, पुणे-सातारा रस्ता सोडून आत. टीव्ही वीस इंची, काळापांढरा, लाकडी पेटीतला, पुढे सरकणारं दार असलेला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकातून ते पुण्याला दिसू लागलं. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर उंच, त्यावर मनोरा. या लहरी सरळ रेषेत चालतात, म्हणून जागा जितकी उंच तितकी त्यांची नजर लांब. मध्ये काही आडवं आलं नाही तर त्या उंचीवरून शंभर किलोमीटरवरच्या माणसालाही चित्र मिळावं. आम्ही तर वायव्येला तोंड करून उभं राहिलं तर सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर. पण मध्ये डोंगर होते. आमच्या अंगणातून सिंहगड दिसत नाही, आजही दिसत नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोणालातरी विचारून, दगडानं अंगणात एक रेघ ओढून ठेवली होती: गड या बाजूला. शाळेत तानाजी मालुसऱ्यांचा धडा चालू असताना मी मनातल्या मनात त्याच रेघेच्या दिशेनं बघत असे.

अँटेना आप्पांनी पुण्याहून आणला. दुकानदारानं म्हणे आधी विचारलं, “कुठलं केंद्र?” कारण काड्यांची लांबी त्या केंद्राच्या लहरींवर ठरते. प्रत्येक काडी साधारण लहरीच्या निम्म्या लांबीची, त्यामुळे एका केंद्राचा अँटेना दुसऱ्याला नीट चालत नाही. येताना तो एसटीच्या टपावर बांधला होता. कात्रजच्या घाटात काय झालं देवाला ठाऊक, पण उतरवताना सगळ्यात मागची, सगळ्यात लांब काडी मोडलेली निघाली. आप्पांनी ती बाजूला ठेवली. “पुढच्या काड्या शाबूत आहेत ना, झालं,” ते म्हणाले. चित्र पुढून येतं, मग मागच्या काडीचं काय काम, असा त्यांचा हिशेब. मलाही तो तेव्हा पटला होता.

घराला पत्र्याचं छप्पर. मागच्या भिंतीला लोखंडी पाईप क्लिपा मारून उभा केला, आढ्याच्या वर सहा-सात फूट. ताण द्यायला तीन बाजूंनी तारा. मग सुरू झालं ते दुसरं कुंकू घालवण्याचं काम, आणि ते दोन महिने चाललं.

रचना अशी असायची. आप्पा शिडीवर, पाईप धरून. आजी टीव्हीसमोर. मी मधल्या दारात, कारण आजीचा आवाज छपरापर्यंत पोहोचत नसे आणि आप्पांचा आतपर्यंत. आजीनं ‘चित्र आलं’, ‘गेलं’ असं कधी म्हटलं नाही. तिचं माप ठरलेलं होतं. ती कुंकवं मोजायची. “दोन,” ती म्हणायची. मी ओरडायची, “दोन!” आप्पा पाईप थोडा फिरवायचे. “दीड.” म्हणजे दुसरी टिकली फिकट झाली. “दीड!” मी ओरडायची. पण तोवर आप्पा आणखी पुढे गेलेले असायचे, आणि आजी आत पुन्हा दोन म्हणत असायची. आप्पांना वाटायचं, दीड आत्ताच्या जागेचं. ते तिथेच नट आवळून खाली उतरायचे, घाम पुसत पडद्यापुढे यायचे, आणि तिथे दोन. माझ्यावर रागवायचे. मी रडायची. आईनं एकदा मधे पडून सांगितलं, “पोरगी खरं सांगतीय, पण तुमच्यापर्यंत येईस्तोवर ते जुनं होतंय.” आईचं हे वाक्य मला फार पुढे, वेगळ्याच ठिकाणी आठवणार होतं.

चित्र बिघडलं की माणूस पहिल्यांदा उंची वाढवतो. आप्पांनी पाईपला पाईप जोडून अँटेना आणखी आठ फूट वर नेला. पडद्यावरच्या मुंग्या, म्हणजे ते वळवळणारे ठिपके, कमी झाल्या, पण दुसरं कुंकू ठळक झालं. मग बूस्टर आणला, सिग्नल मोठा करणारा. त्या छोट्या डबीचा खर्च त्या महिन्यात जाणवण्याइतका होता. बूस्टर लावल्यावर चित्र भरभरून उजळलं, आणि आता दुसरा चेहराही पहिल्याइतकाच उजळ. आजीनं त्या दिवशी टीव्ही बंद करायला सांगितलं. दोन बायका एकाच वेळी बोलतायत असं वाटतं म्हणाली.

शेवटी शिरवळच्या बाजारातले रेडिओकाका आले. आम्ही सगळी मुलं त्यांना याच नावानं ओळखायचो. सायकलच्या कॅरिअरला वायरचं भेंडोळं, खिशात टेस्टर. ते थेट टीव्हीकडे गेले नाहीत. आधी घराला एक फेरी मारली, मान वर करून अँटेना पाहिला, मग मागं वळून बराच वेळ टेकडीकडे बघत राहिले. आमच्या घरामागे, बरोबर आग्नेयेला, म्हसोबाची टेकडी आहे. वर झाड नाही, नुसता उभा काळा कातळ. मग त्यांनी विचारलं, “आप्पा, मागची काडी कुठाय?”

आप्पांनी गोठ्यातून मोडकी काडी आणून दाखवली.

“हीच तर पाठ आहे त्याची,” काका म्हणाले. “बिनपाठीचा ठेवलाय तुम्ही. मागून येणारं सगळं आत घेतोय तो.”

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. आता सांगते. या काड्यांच्या अँटेनाला यागी म्हणतात. जपानच्या सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठात १९२६ च्या सुमारास शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो जगापुढे मांडला. प्रयोगांचं बरंचसं काम उदांचं, पण इंग्रजीत लेख यागींनी लिहिला म्हणून त्यांचंच नाव रूढ झालं. मला हे आजही लागतं, म्हणून मी शिकवताना कायम उदा-यागी असंच म्हणते. वायर जोडलेली वळवलेली काडी हा त्याचा कान. पुढच्या आखूड काड्या लहरीला त्या कानाकडे वळवून आणतात. मागची लांब काडी दोन कामं करते. पुढून आलेलं जे कानाला हुकलं ते परत पुढे ढकलते, आणि मागून येणाऱ्याला अडवते. आमच्या अँटेनाला दुसरं काम करणारं कोणी उरलंच नव्हतं. सिंहगडाकडून आलेली लहर आधी अँटेनाला भेटायची, मग तशीच पुढे जाऊन म्हसोबाच्या कातळावर आपटायची, आणि परत फिरून मागच्या बाजूनं दुसऱ्यांदा अँटेनात शिरायची. थोडी क्षीण होऊन, थोडी उशिरा.

काकांनी आधी बूस्टर काढला. “त्याला खरं-खोटं कळत नाही. येईल ते मोठं करतो,” म्हणाले. मग मोडक्या काडीच्या मापाची ॲल्युमिनियमची नळी कापून बसवली. आजीला विचारलं. “सव्वा,” आजी म्हणाली. मला ते मोजमाप काकांना समजावून सांगावं लागलं, आणि त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. मग आप्पांना न पटणारी गोष्ट सांगितली: अँटेना खाली घ्या.

“खाली?” आप्पा म्हणाले. “लोक वर नेतात.”

“वर नेला म्हणून त्याला टेकडी दिसायला लागली. तुमच्या पत्र्याच्या आड घ्या. पुढच्या भिंतीला लावा, आढ्याच्या खाली. गड दिसू दे, टेकडी दिसू देऊ नका.”

आप्पांना ते जड गेलं. दोन महिने शिडीवर चढून जी उंची मिळवली ती सोडायची होती, आणि गावात आमचा अँटेना सगळ्यात उंच होता. पण त्यांनी तो उतरवला. पुढच्या, वायव्येकडच्या भिंतीला, पागोळ्यांच्या थोडा वर लावला. आता अँटेना आणि टेकडी यांच्यामध्ये घराचं अख्खं पत्र्याचं छप्पर उभं होतं. धातूच्या पत्र्यातून या लहरी पार जात नाहीत. चित्रात मुंग्या थोड्या वाढल्या, कारण समोरच्या डोंगरांआडून येणारी लहर तशी दुबळीच होती आणि खालच्या उंचीवर ती आणखी कमी मिळत होती. त्या दुसऱ्या चेहऱ्याला काका भूत म्हणायचे. ते म्हणाले, मुंग्यांची सवय होते, भुताची होत नाही. दिशा लावताना त्यांनी आमची साखळीही सुधारली. फिरवायचं एवढंसं, दोन बोटांत मावेल इतकं. मग हात काढून घ्यायचा, कारण पाईप धरलेला माणूसही चित्र बदलतो. दहा अंक मोजायचे. मग विचारायचं. आत काय दिसतंय ते बाहेर येईपर्यंत कोणी हलायचं नाही.

चौथ्या की पाचव्या वेळी आजी आतून म्हणाली, “एक.”

मी ओरडले नाही. आत पळत गेले आणि आधी स्वतः बघितलं. बाई बातम्या देत होती. कपाळावर एक टिकली.

काकांनी जाताना वायरही बदलून लावली, आणि त्या दिवशी ऐकलेलं मी पुढे शेकडो विद्यार्थ्यांना सांगितलंय. तेव्हाची वायर चपटी, पट्टीसारखी, दोन्ही कडांना एकेक तार. आप्पांनी ती व्यवस्थित दिसावी म्हणून लोखंडी पाईपला चिकटपट्टीनं घट्ट बांधली होती. पण त्या पट्टीत सिग्नल दोन तारांच्या मधल्या आणि भोवतालच्या जागेतून चालतो. लोखंड चिकटलं की ते त्याला खातं, पाऊस पडून पट्टी ओली झाली की पुन्हा घटतो. म्हणून ती पाईपपासून चार बोटं लांब ठेवायची, फूटभरावर एकेक पीळ द्यायचा, आणि खिडकीतून आत घेण्याआधी खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, घरात येत नाही. आणि वळवाचा पाऊस आभाळात दिसला की प्लग आणि अँटेनाची वायर दोन्ही काढून ठेवायची. हे शेवटचं काम आजीनं स्वतःकडे घेतलं. ढग तिला सगळ्यांच्या आधी कळायचे.

आजी १९९१ मध्ये गेली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. एका दुपारी सरांनी फळ्यावर टीव्हीचं चित्र कसं रेखलं जातं ते काढलं. पडद्यावर एक ठिपका डावीकडून उजवीकडे धावतो, एक ओळ रेखतो, मग पुढची. आपल्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद, त्यातले ५२ पडद्यावर दिसणारे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. सर म्हणाले, उशिरा आलेली लहर म्हणूनच नेहमी उजवीकडे उमटते: ती येईपर्यंत ठिपका पुढे गेलेला असतो. तेव्हा मला मधल्या दारात उभी असलेली मी आठवले, आणि आई. येईस्तोवर ते जुनं होतंय.

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. वीस इंची पडदा म्हणजे रुंदी सुमारे ४० सेंटिमीटर. ठिपका ५२ मायक्रोसेकंदांत ४० सेंटिमीटर धावतो, म्हणजे एका सेंटिमीटरला १.३ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात लहर हवेतून सुमारे ३९० मीटर जाते. आजीची दोन बोटं किती? मी माझी दोन बोटं पट्टीवर ठेवली. साडेतीन भरलं. आजी माझ्याहून बारीक होती. तीन धरलं. तीन सेंटिमीटर म्हणजे ११७० मीटर जास्तीचा प्रवास. जायचा आणि यायचा. निम्मं केलं: ५८५ मीटर.

तास संपला, मुली उठल्या, मी बसूनच राहिले. ते दुसरं कुंकू म्हणजे आमची टेकडी होती. दोन महिने रोज संध्याकाळी म्हसोबाचा कातळ आमच्या पडद्यावर येत होता, आणि आजीनं उठून, काचेवर बोटं ठेवून, तो घरापासून किती लांब आहे ते मोजलं होतं. आम्ही तिच्याकडून फक्त ‘एक’ आणि ‘दोन’ ऐकत होतो.

नोकरीनिमित्त पुढे मी काही वर्षं मुंबईत राहिले, वरळीचा तीनशे मीटर उंचीचा मनोरा गॅलरीतून दिसेल अशा घरात. इतक्या जवळ असून चित्राला सावल्या होत्याच, एक नाही, चार-पाच. पण त्या चिकटून असायच्या, काही मिलिमीटरवर, कारण तिथे टेकड्यांच्या जागी इमारती. चेहऱ्यांच्या कडा पुसट व्हायच्या. मला सवयच लागली होती, सावली दिसली की अंतर काढायची: ही दीडशे मीटरवरची, ही समोरच्या गिरणीची चिमणी असावी. खरी-खोटी कोण तपासणार. गावातल्या त्या एकाच स्वच्छ सावलीसारखी मात्र पुन्हा दिसली नाही.

आता असं काही दिसणारही नाही. दूरदर्शननं जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्यानं बंद केले. २०१६ मध्ये मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद धरून सोळा शहरांत हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं. त्यातही अँटेना लागतो, आणि काकांनी सांगितलेलं दिशा, वायर, उंचीचं शहाणपण त्याला तसंच लागू पडतं. पण टेकडीवरून परतलेल्या लहरीचा त्याला तेवढा त्रास नाही. त्यात प्रत्येक अक्षराच्या आधी थोडी मोकळी वेळ राखलेली असते. मागून येणाऱ्यानं तेवढ्यात पोहोचावं, मग दोघांना मिळून वाचायचं. उशिरा आलेल्याला सामावून घेणारी ही युक्ती मला फार आवडते, आणि वर्गात ती शिकवताना माझा आवाज जरा चढतो असं मुलं सांगतात. ती मोकळी वेळ ओलांडून कोणी जोरात आलं, किंवा सिग्नलच कमी पडला, तर मात्र दीड-सव्वा असं काही नसतं. चित्र तुकड्यांत फुटतं आणि जातं.

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. आप्पा आता ऐंशीचे आहेत. पुढच्या भिंतीवर तो पाईप अजून आहे. काड्या काळवंडल्यात, दोन नाहीत, पण मागची, काकांनी बसवलेली, तशीच आहे. तोंड वायव्येला, गडाकडे. आणि मागच्या बाजूला पत्र्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशची, उपग्रहावरून चित्र घेणारी छत्री. ती ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे बघते, म्हणजे आमच्या गावातून आग्नेयेला, चढत्या नजरेनं. अँटेनाच्या बरोबर उलट. ज्या टेकडीला आम्ही पत्र्याआड लपवलं होतं, आता तिच्याच माथ्यावरून, छत्तीस हजार किलोमीटरवरून चित्र येतं.

मी आप्पांना फोनवरचा नकाशा दाखवला. एक बोट घरावर, एक कातळावर. अंतर आलं, सहाशे मीटरला थोडं कमी. मग वहीतला हिशेब कागदावर पुन्हा मांडून दाखवला, सावकाश, एकेक पायरी. आप्पा सातवीपर्यंत शिकलेले, पण जमिनीची मोजणी त्यांनी आयुष्यभर केलीय. त्यांना मीटर आणि सेंटिमीटर समजावून सांगावे लागले नाहीत. शेवटच्या आकड्यापाशी ते थांबले.

“म्हणजे आई बरोबर सांगत होती,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि हे तीन सेंटिमीटर तू कुठून आणलेस?”

“अंदाजानं. तिची बोटं बारीक होती ना.”

आप्पा उठले. देवळीतून आजीची जुनी पितळी डबी आणली, तिच्यात अजून दोन-तीन जोडवी आणि एक अंगठी आहे. अंगठी त्यांनी पट्टीवर ठेवली, डोळे बारीक करून आतलं माप वाचलं, मग बाहेरचं, आणि कागद माझ्या हातातून घेऊन तीनच्या जागी नवा आकडा लिहिण्यासाठी पेन मागितलं.